चार दिवस पुढची पावती

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. मी साडेतीन वर्षं रिटर्न काउंटरवर काढली आहेत. तिथे बसल्यावर भुतांचं सोडा, धडधाकट माणसांवरसुद्धा विश्वास उरत नाही. महिनाभर वापरलेला मिक्सर 'उघडलासुद्धा नाही हो' म्हणून परत देणारे लोक मी रोज बघायचे. त्यामुळे कृपया खाली कॉमेंटमध्ये 'तुम्हाला भास झाला असेल' असं लिहू नका. भास झाला असता तर माझी नोकरी गेली नसती.

गोष्ट रास अल खैमामधली आहे. माझे मिस्टर तिथल्या सिमेंट फॅक्टरीत होते, मी त्यांच्याच व्हिसावर. नखील भागात तेव्हा एक मोठा हायपरमार्केट होता, मी तिथेच कामाला — नाव लिहीत नाही, उगाच भानगड नको. दोन हजार साल नुकतं लागलं होतं. रमजान संपत आलेला. सगळीकडे वायटूकेची चर्चा, कॉम्प्युटर तारखा विसरणार म्हणून. आमच्या दुकानात मात्र एक तारखेला सगळी मशिनं नीट चालू झाली होती. हे लक्षात ठेवा.

तर त्या दुकानात, चार नंबरच्या रांगेच्या टोकाला, काचेचं एक कपाट होतं. त्यात एअर गन. छर्‍यांची. प्लॅस्टिकची खेळणी नव्हेत — लोखंडी नळी, लाकडी दस्ता, हातात घेतली तर खांदा खाली यावा अशी. अलीकडच्या रॅकवर पाण्याच्या पिचकाऱ्या आणि बाहुल्या, पलीकडे कॉर्नफ्लेक्स. खोक्यावर हसऱ्या मुलाचं चित्र. ईदला मुलांना ईदी मिळते, आणि त्या पैशातून मुलगे बंदुका घेतात. ते टिकल्या फोडणाऱ्या बंदुकांचं ठीक आहे. पण आमच्या कंपनीला वाटलं, मुलं मागतातच आहेत तर खरीच देऊ. किंमत एकशे एकोणपन्नास दिरहम, तेव्हाचे साडेसतराशे रुपये. बाप सही करणार, मुलगा खांद्याला लावून दुकानातून बाहेर पडणार. मी पहिल्या दिवसापासून ओरडत होते. आमचे मॅनेजर खन्ना म्हणायचे, "मॅडम, आपका काउंटर अलग है, आप अपना देखिए."

बरं, बघत होते मी माझं काउंटर.

ईदच्या आधी, दुपारी चारची वेळ. रमजानमध्ये त्या वेळेला दुकान ओस असतं. एक माणूस आला. चाळिशीचा, आकाशी शर्ट, खिशाजवळ तपकिरी डाग. टॉवेलमध्ये गुंडाळलेला लांब खोका त्याने काउंटरवर ठेवला, आणि सरळ मराठीत बोलला. माझ्या छातीवरचं नाव वाचलं असणार.

"ताई, ही परत घ्या. पैसे नकोत."

"पैसे नकोत म्हणजे?"

"नकोत. पोराचा डावा डोळा गेला. आता ही घरात नको."

आता मी काय केलं ते लिहिते, कारण ते लिहिल्याशिवाय या गोष्टीला अर्थ नाही. मी त्याला बसा म्हटलं नाही. पाणी विचारलं नाही. मी म्हटलं, "पावती?" त्याने दिली. रिटर्नचा नियम असा की आधी तारीख बघायची, मग खोक्यावरचा नंबर रजिस्टरशी जुळवायचा. तारीख बघितली तर चार दिवस पुढची. मी म्हटलं, "ही तारीख चुकीची आहे. सिस्टिम घेणार नाही." ज्याच्या मुलाचा डोळा गेला त्या बापाला मी हे वाक्य बोलले. आज पंचवीस वर्षं होत आली, तरी स्वतःला एक ठेवून द्यावीशी वाटते.

तो रागावला नाही. "बघा ना ताई," एवढंच म्हणाला.

मी पावती माझ्या पॅडच्या क्लिपला लावली, खोक्यावरचा नंबर लिहून घेतला आणि कपाटाकडे गेले. एअर गनचं रजिस्टर तिथेच असायचं. त्या नंबरपुढे सही नव्हती. विकलीच गेली नव्हती. कपाटात बघितलं तर वरून तिसरा खोका — तोच नंबर, कंपनीचं सील जसंच्या तसं.

परत आले तर काउंटरवर कोणी नव्हतं. माणूस नाही, खोका नाही, टॉवेल नाही. दारावरच्या वॉचमनने असा कोणी आत येताना किंवा बाहेर जाताना पाहिला नव्हता. पावती मात्र माझ्या क्लिपला होती.

खन्नांना दाखवली. ते हसले. "वायटूके है मॅडम. प्रिंटर पागल हो गया."

"सर, प्रिंटरने चूक केली, मग त्या माणसाकडे हा नंबर कुठून आला? निदान तो एक खोका तरी बाजूला काढून ठेवा."

"ईद के बाद देखेंगे."

ईद के बाद! मुलाचा डोळा काय सेलची ऑफर आहे, ईदनंतर बघायला? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन मिस्टरांना सांगितलं. ते म्हणाले, तू दमली आहेस. मी पावती पासपोर्टच्या पाकिटात ठेवली.

पुढे चंद्र दिसला, ईद झाली, आणि ती तारीख नेमकी ईदच्या दुसऱ्या दिवशीची निघाली. माझी सुट्टी होती. तरी मी गेले. सकाळी दहाला दुकान उघडलं तेव्हापासून चार नंबरच्या रांगेच्या टोकाशी उभी राहिले, साध्या कपड्यांत, पर्स छातीशी धरून. पावतीवर वेळ होती अकरा बावन्न.

साडेअकराला तो आला. तोच आकाशी शर्ट, पण कडक इस्त्रीचा, डाग नसलेला. सोबत दहा-अकरा वर्षांचा मुलगा, ट्रॉलीला लटकलेला. मुलगा एकसारखा बोलत होता — मधूनच कळलं की तो आणि त्याची आई महिनाभराच्या व्हिसावर दापोलीहून आलेत आणि पुढच्या आठवड्यात परत जाणार आहेत. मुलगा कपाटापाशी थांबला. "अब्बा, ही. तुम्ही म्हणाला होतात काहीपण माग."

खन्ना किल्ली घेऊन आले. वरून तिसराच खोका काढला त्यांनी. मी नंबर बघितला.

मी पुढे झाले. "भाऊ, ही घेऊ नका."

तो माझ्याकडे बघत राहिला. ओळखीची एक रेषसुद्धा नाही चेहऱ्यावर. "का हो ताई?"

"मुलाचा डोळा जाईल. डावा."

"मॅडम, क्या कर रही हैं आप?" खन्ना. मी लक्ष दिलं नाही. पाकिटातून पावती काढली आणि त्या माणसाच्या हातात दिली.

त्याने ती सावकाश वाचली. इंग्रजी असल्यामुळे ओळीखाली बोट फिरवत वाचत होता. खजूर — ट्रॉलीत होता. खुबूसची, म्हणजे तिथल्या रोटीची, दोन पाकिटं — होती. केसांच्या क्लिपा, गुलाबी — होत्या, गावाकडच्या मुलीसाठी असतील. मग एअर गन आणि छर्‍यांची डबी. त्याने तारीख बघितली. घड्याळ बघितलं. अकरा चाळीस.

"ही माझीच पावती म्हणता? मग यात लबन आहे. मी लबन घेतलेलं नाही," तो म्हणाला. जरा सुटल्यासारखा झाला त्याचा चेहरा.

तेवढ्यात मागून त्याची बायको आली आणि लबनची, म्हणजे ताकाची, बाटली ट्रॉलीत ठेवली. "हे राहिलं होतं," म्हणाली.

 खन्नासुद्धा वाकून पावती बघायला लागले. त्या माणसाने पावतीवरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं होतं, ते तिथेच राहिलं.

"ताई, तुम्हाला हे कुणी दिलं?"

"तुम्हीच दिलंत."

त्याने पावती माझ्या हातात परत दिली. मुलाचा हात धरला आणि निघाला. ट्रॉली तिथेच, खजूर, क्लिपा, लबन सगळं तिथेच. मुलगा रडत होता, "अब्बा, तुम्ही म्हणाला होतात ना," आणि बाईला काही कळत नव्हतं, ती मागे वळून वळून माझ्याकडे रागाने बघत होती. बघू दे. तो मुलगा दोन्ही डोळे पुसत गेला, एवढं मी पाहिलं.

तीन दिवसांनी माझ्या हातात पत्र. 'ग्राहकास भीती घातल्याबद्दल.' चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. काचेच्या कपाटातली विक्री बंद नाही, खन्नांना विचारणा नाही, घरी मी बसले. काउंटरचा चार्ज देताना मी एअर गनचं रजिस्टर मुद्दाम उघडून पाहिलं. त्या नंबरपुढे सही होती. मी त्या बापाला अडवलं त्याच दिवशी संध्याकाळी कोणीतरी घेऊन गेलं होतं. सही अरबीतली होती की नुसती रेघ, मला वाचता आली नाही.

मैत्रिणी विचारतात, एवढं माहीत होतं तर तूच का नाही विकत घेतलीस? दीडशे दिरहमची तर गोष्ट होती. खरं सांगते, सुचलं नाही. नियमावर बोट ठेवायची सवय झाली की माणसाला साध्या गोष्टी सुचत नाहीत.

पावती अजून आहे. पण ती थर्मल कागदाची — आधी अक्षरं राखाडी झाली, मग पिवळी, आता कोरा कागद आहे. दाखवायला माझ्याकडे काही नाही. तो माणूस त्या दुपारी कुठून आला होता, याचं उत्तरही नाही. मिस्टर म्हणतात, एका मुलाचा डोळा वाचला, तू त्यात समाधान मान. मी मानत नाही. कपाटात बारा बंदुका होत्या, आणि आगाऊ परत करायला आलेला बाप एकच.