आगातीनो सासूला विसरला, तो रविवार

आमच्या आगातीनोचं तोंड म्हणजे चालू नळ. वीस वर्षं त्यानं टॅक्सी चालवली. जर्मन असो, डच असो, त्याची भाषा येत असो नाहीतर नसो, सकाळी ज्वालामुखी आणि दुपारी ताओर्मिनाचं जुनं गाव दाखवून, सगळा इतिहास घसा फोडून सांगून, संध्याकाळी परत आणून सोडायचा. पण डोन्ना सारीना समोर आली की नळाचं पाणी गेलंच म्हणून समजा.

मी त्याची धाकटी बहीण, मेलिना. तो सत्तेचाळीस वर्षांचा, बिनलग्नाचा आणि दोन्ही वेळ माझ्याकडे जेवायला. तेव्हा त्याच्या लग्नाची घाई सगळ्यात जास्त कुणाला होती, ते काही मी लपवत नाही.

मुलगी ठरलेली होती हो! नेड्डा, शिवणकाम करायची, डोन्ना सारीनाची एकुलती एक मुलगी. नऊ वर्षं हा गडी रोज पाचच्या सुमारास तिच्या खिडकीखालून टॅक्सी हळू करून जात होता, आणि नऊ वर्षं ती पाचच्या सुमारासच खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीला पाणी घालत होती. त्या तुळशीची मुळं कुजली, तीन वेळा नवीन लावली. आमच्या सगळ्या झाफेराना गावाला ठाऊक होतं. पण आमच्याकडे मुलीला मागणी घालायची ती तिच्या आईकडे, तोंडानं, समोर उभं राहून. आणि तिथंच घोडं अडलं होतं.

डोन्ना सारीना काही राक्षसीण नव्हती. अडुसष्ट वर्षांची, पायापासून डोक्यापर्यंत काळ्या कपड्यांतली विधवा, आणि तिची नजर अशी की दुधावर पडली तर दुधानं स्वतःहून फाटावं. तीन मुलगे तिचे. दोन तोरिनोच्या कारखान्यात, एक बेल्जियमच्या खाणीत. नाताळला कार्ड यायचं. कुणी नेड्डाचा विषय काढला की म्हातारी लगेच कोंबड्यांचा विषय काढायची.

तर सहासष्ट सालच्या सप्टेंबरात, एका गुरुवारी नेड्डा माझ्या स्वयंपाकघरात आली, खुर्ची ओढली आणि बसली.

"मेलिना, सोमवारचं तोरिनोचं तिकीट काढलंय मी. भावानं शिवणाच्या कारखान्यात जागा बघितलीय."

माझ्या हातातली वांगी तशीच राहिली. "अगं, आणि आगातीनो?"

"एक्केचाळीस वर्षांची झाले मी. अजून किती तुळशी मारू? रविवारी तो आम्हाला डोंगर आणि ताओर्मिना फिरवून आणणार आहे. घरी पोचायच्या आत त्यानं आईला विचारलं, तर तिकीट फाडून टाकीन. नाही विचारलं तर सोमवारी मी गेले. तूच सांग त्याला, माझ्या तोंडून मी सांगणार नाही."

मी सांगितलं. आगातीनो पांढराफटक पडला. शनिवारी रात्री आरशासमोर उभा राहून त्यानं सराव केला, मीच डोन्ना सारीना झाले होते. पाच वेळा विचारलं बिचाऱ्यानं, पाचही वेळा मी हो म्हटलं.

रविवारी निघालो चौघं. बिनलग्नाच्या मुलीबरोबर एक विधवा पुरत नाही, म्हणून दुसरी बाई मी. टॅक्सीत बसायच्या तीन ओळी. पुढं एकटा आगातीनो. मधल्या ओळीत किल्ल्याच्या भिंतीसारखी डोन्ना सारीना, मांडीवर वांगी घातलेल्या भाजलेल्या मॅकरोनीचं हे एवढं पातेलं. आणि तिच्या हुकमावरून नेड्डा सगळ्यात मागं, माझ्याशेजारी.

जन्मभर ज्वालामुखीच्या पायथ्याशी राहून डोन्ना सारीना कधी वर गेली नव्हती. आमच्यातलं कुणीच जात नाही. त्या ज्वालामुखीला एटना वगैरे बाहेरचे लोक म्हणतात, आम्ही नुसतं 'ती' म्हणतो, 'ती आज धुमसतेय', 'तिनं काल राख टाकली'. म्हातारी आली होती ती बघायला नव्हे, भांडायला. वर पोचल्यावर विवराच्या कडेशी काळ्या राखेत बूट रोवून उभी राहिली आणि सुरूच झाली.

"काय गं ए! माझ्या बापाचा द्राक्षमळा गिळलास, पोट भरलं का? वाळत घातलेल्या चादरींवर राख टाकतेस ती टाकतेस, आणि परवा माझ्या टोमॅटोच्या वाळवणाच्या ताटांवर? लाज नाही वाटत या वयात?"

दोन स्वीडिश बायका घाबरून बाजूला सरकल्या. एटना थोडा धूर सोडून गप्प राहिली.

भांडून झाल्यावर म्हातारीचा चेहरा जरा मोकळा झाला. मी आगातीनोला कोपरानं ढोसलं. त्यानं टोपी काढली, घसा साफ केला.

"डोन्ना सारीना, नऊ वर्षांपासून माझ्या मनात आहे की..."

म्हातारीनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

"...की हे विवर अठराशे ब्याण्णव साली फुटलं. सहा महिने लाव्हा वाहत होता."

"मला काय सांगतोस? माझ्या आईबापाचं लग्न अडलं होतं त्यात."

झालं! लग्न हा शब्द तिनंच काढला होता, ताटात वाढून दिल्यासारखा, आणि हा गाढव म्हणतो कसा, "समुद्रसपाटीपासून एकोणीसशे मीटर."

जेवताना दुसरा प्रयत्न. म्हातारीनं दगडावर रुमाल पसरून मॅकरोनी वाढली. आगातीनोनं काटा खाली ठेवला. म्हणाला, "तुमच्या नेड्डाबद्दल..." तिनं वर बघितलं मात्र, तो म्हणाला, "लाव्हाचं तापमान हजार अंशांच्या वर जातं."

"मॅकरोनी तेवढी गरम नाहीये. खा मुकाट्यानं."

नेड्डा हसली नाही.

ताओर्मिनाला पोचलो तर तीन वाजले होते. शिरस्त्याप्रमाणे त्यानं आम्हाला गावाच्या एका वेशीशी उतरवलं, गाडी दुसऱ्या वेशीशी लावली आणि धावत येऊन गाठलं. ग्रीक थिएटरच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, खाली समुद्र, समोर डोंगर, यापेक्षा चांगली जागा देवानं सुद्धा काढून दिली नसती. मी नेड्डाला घेऊन लांब जाऊन बसले. आगातीनो बोलताना दिसत होता, हात हलवत होता, म्हातारी मान डोलवत होती. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात वारा इकडे वळला आणि शब्द ऐकू आले.

"...मूळ ग्रीकांचं, मग रोमनांनी विटा चढवल्या..."

"आणि झाडलं कुणीच नाही," म्हातारी म्हणाली.

नेड्डा उठली, स्कर्टवरची धूळ झटकली. "चल मेलिना. झालं सगळं," म्हणाली. आवाज इतका शांत होता की मला रडू आलं.

साडेपाचला निघायचं ठरलं होतं. नेड्डा पुढं जाऊन गाडीत मागं बसली. आगातीनो खाली वाकून टायर तपासत होता. डोन्ना सारीनानं शाल आणि छत्री मधल्या ओळीत रिकाम्या पातेल्यावर टाकली, आणि बदामाच्या मिठाईचा भाव भयंकर आहे हे दुकानदाराला पुन्हा एकदा सांगायला ती परत वेशीत शिरली. तिला आणायला तिच्या मागं मी. दुकानदारही खमका होता, वेळ लागला. मिठाई न घेता बाहेर येतोय तर काय, आमची टॅक्सी खालच्या वळणावर!

आधी म्हातारीचा विश्वास बसेना. मग बसला.

"पळवली! माझी पोर पळवली हो!"

आता आमच्याकडचं तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते. मुलगी पुरुषाबरोबर एकटी निघून गेली की विषय संपला. कुठं गेली, काय केलं, कुणी विचारत नाही. एक तासाचं असो की आठवड्याचं, पुढं लग्नच. लग्नाला घरचे तयार नसले, की निम्मं गाव याच वाटेनं जातं. त्यामुळं वेशीपाशी जमलेल्या लोकांचे चेहरे एकदम उजळले. न्हावी दुकानातून ब्रश घेऊनच बाहेर आला.

"अभिनंदन, डोन्ना! वय काय मुलीचं?"

"एक्केचाळीस!"

"मग पळवली कसली, सुटली म्हणा!"

पोलिसानं काढलेली वही परत खिशात ठेवली. सरबतवाल्यानं म्हातारीला लिंबाचं थंडगार सरबत दिलं, पैसे घेतले नाहीत. मी तोंडावर रुमाल धरला होता, कारण मला हसू आवरत नव्हतं. माझा घाबरट भाऊ! आरशासमोर घाम पुसणारा आणि आता बघा! मनातल्या मनात मी लग्नाला काय घालायचं, तेही ठरवून टाकलं. जेवणाचं एक ताट कमी होणार याचा आनंद वेगळाच.

आणि वीस मिनिटांनी खालून हॉर्न ऐकू आला. ओळखीचा, घसा बसलेला हॉर्न.

"सांता आगाता! हा मूर्ख परत येतोय!" संतिणीचं नाव घेऊन मी पुटपुटले.

मी म्हातारीचा दंड धरला. "डोन्ना सारीना, न्हाव्याच्या दुकानात चला बघू आत, ऊन फार लागतंय."

"ऊन? सहा वाजलेत!"

"मग वारं लागतंय! चला!"

न्हाव्यानं लगेच ओळखलं, खुर्ची पुढं केली, तिच्या गळ्याभोवती कापड सुद्धा टाकलं. पण म्हातारीनं त्याचा ब्रश हिसकावून मलाच मारला आणि बाहेर आली. टॅक्सी समोर येऊन थांबली.

आगातीनो उतरला तो रडत. हातात तिची काळी शाल.

"मला वाटलं तुम्ही गेलात!" एवढंच म्हणत होता.

काय झालं होतं ते नेड्डानं सांगितलं. डोन्ना सारीनाकडे आरशात सुद्धा सरळ बघायची त्याला छाती नव्हती. पातेलं, शाल, छत्री, काळं काहीतरी दिसलं म्हणजे बसलीय. तिच्या धाकात मागं मी नाही हेही त्याच्या ध्यानात आलं नाही. तिसऱ्या का चौथ्या वळणावर पातेलं कलंडलं. यानं बघितलं तर म्हातारी आडवी! गाडी थांबवली, टोपी काढली, क्रुसाची खूण केली आणि पातेल्याजवळ गुडघे टेकून हुंदके देऊन रडला. मग शाल उचलली, तर खाली नुसतं पातेलं.

म्हातारी ऐकत होती. शाल तिनं घेतली नाही.

"निघताना विचारतोस ना तू, सगळे बसले का म्हणून?"

"विचारलं होतं," आगातीनो म्हणाला.

"मग बसले असं कोण म्हणालं?"

न्हाव्यानं नेड्डाकडे बघितलं.

"मी म्हणाले," नेड्डा म्हणाली. "मला दिसत होतं तू नाहीस ते. तरी म्हणाले. पातेलं पडल्यावरही म्हणाले, थांबू नकोस, चल पुढं, एकदाचं होऊन जाऊ दे. यानं ऐकलं नाही. म्हणाला, त्या वेशीपाशी वाट बघत असतील."

मला वाटलं, आता ही पोरीच्या थोबाडीत देणार. पण म्हातारी तिथंच वेशीच्या दगडावर बसली. इतकी लहानखुरी होती ती, मला कधी जाणवलंच नव्हतं.

"तीन मुलगे गेले माझे," ती म्हणाली. "एकानं मागं वळून बघितलं नाही. आणि आता ही." मग आगातीनोकडे बघितलं. "मला न्यायला परत आलेला तू पहिलाच रे. बोल, काय विचारायचंय तुला? आणि सनावळी सांगितलीस तर बघ."

आगातीनोनं घाम टिपायला चुकून तिच्याच शालीनं चेहरा पुसला.

"खालची खोली उन्हाची आहे," तो म्हणाला. "कोंबड्या अंगणात मावतील. तुम्ही दोघी याल का माझ्याकडे राहायला?"

बाई गं! मुलीला मागणी घालायला गेलेला माणूस आईला मागणी घालून बसला. न्हावी हसायला लागला, मी त्याला गप्प केलं, कारण डोन्ना सारीनाचे डोळे भरले होते, आणि ते मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

"येईन," ती म्हणाली. "हिला विचार आता."

नेड्डानं पर्समधून तिकीट काढलं आणि बोलायच्या आधीच फाडलं, चार तुकडे.

लग्न ऑक्टोबरात झालं. मधुचंद्राला सिराकूझाला जायचं ठरलं आणि आगातीनो स्टेशनवर जाऊन तिकिटं घेऊन आला. तीन आणली होती. कुणीही सांगितलं नव्हतं त्याला.