सरस शेवटी

"सरस शेवटी लावाचा असते व पोरी," असं म्हणत शेजारचे मिस्तरीबाबा प्रत्येक सांधा आधी कोरडाच बसवायचे. दोनदा हलकं ठोकायचे, कान लावून ऐकायचे आणि सगळं पुन्हा उपटून काढायचे. चुलीवरच्या डब्यात लाकूड चिकटवायचा सरस रटरटत असायचा, पण त्याची पाळी सगळ्यांत शेवटी. दिवाण असो की बैलगाडीचं चाक, नियम तोच. आपलंच काम तीन-तीनदा मोडून बघणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मी ते एकच पाहिले.

ह्यांची रस्तेखात्यात नोकरी. महाराष्ट्र नुकताच झालेला, आणि आमची बदली रत्नागिरीकडून थेट बुलढाण्याजवळच्या धाड गावी. मी चौथीत शाळा सोडलेली, समुद्राशिवाय काही न पाहिलेली. इथली बोली कळायची नाही, म्हणून मी तोंडच उघडायची नाही. शेजारी मिस्तरीबाबांचं सुतारकामाचं छप्पर. रोज सकाळी चुलीसाठी लाकडाचे छिलपे न्यायला जायची, तेवढंच काय ते माझं बाहेर पडणं.

"काऊन व, तुमच्या कोकणात बोलाले पैसे लागतात काय?" ते विचारायचे. मी हसायची आणि ओंजळभर जास्त छिलपे मिळायचे.

एकदा हेडमास्तरांनी त्यांना मोठं काम दिलं. बुलढाण्याला जिल्ह्याचं विज्ञानाचं प्रदर्शन होतं. त्यासाठी लाकडाची सूर्यमाला हवी होती, हातानं फिरणारी. "मधे सूर्य, भोवती ग्रह. ग्रह नऊ," एवढं सांगून मास्तर आठवडाभर बुलढाण्याला गेले. बाबा शाळेत कधी गेले नव्हते, पण नऊ ग्रह कोणाला माहीत नसतात? देवळातल्या नवग्रहांतही सूर्य मधेच असतो. त्यांनी जुन्या चाकाच्या मधल्या तुंब्यावर एकावर एक फिरते दांडे बसवले आणि दांड्यांच्या टोकांना खुंट्या. खुंट्यांवर खरादेवर कातून काढलेले गोळे. मंगळ लाल, गुरू पिवळा, शनी काळा, राहू धुरकट. इतकं देखणं काम झालं की बाजाराला आलेली माणसं थांबून दांडे फिरवून बघायची.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी छिलपे न्यायला गेले. सरसाचा डबा चुलीवर चढलेला होता. मी सगळे गोळे एकदा पाहिले, परत पाहिले. चौथीच्या पुस्तकातलं चित्र आठवत होतं. बोलावं की नको? चुकलं तर सगळे हसतील, आणि बरोबर निघालं तर बाबांचा अपमान. पण ती वस्तू उद्या मोठ्या साहेबांपुढे जाणार होती.

"बाबा, यात आपण कुठं?"

"आपन म्हंजे?"

"म्हणजे... पृथ्वी."

त्यांनी बोटांवर मोजलं. रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, राहू, केतू. मग डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"हाव व माय. जिच्यावर उभं राहून पाहून राह्यलो, तीच मोजाची राह्यली."

समोरचा लोहार पोट धरून हसला. "वा रे मिस्तरी! साऱ्या दुनियेचं फर्निचर केलं अन् सोताचं घरच इसरला बे!"

"हास लेका, हास. सरस लावला नाई अजून," बाबा म्हणाले.

दुपारच्या एस.टी.नं मास्तर आले. काम बघून त्यांचा चेहरा उतरला. राहू-केतू हे ग्रहच नव्हेत, चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते त्या नुसत्या दोन जागा, असं त्यांनी सांगितलं. मग रंध्याच्या पाटावर बसून बोलत राहिले, बाबांना धीर देण्यासाठीच बहुधा. पूर्वी मोठमोठे विद्वान पृथ्वीच मधे धरायचे. ग्रह मधूनच मागे जाताना दिसत, हिशेब जुळेना, म्हणून त्यांनी चाकावर चाकं बसवली. मग कोणी सूर्याला मधे आणलं. मग कळलं की वाटा पुऱ्या गोल नाहीत, जरा लांबट आहेत. आणि आता म्हणतात, सूर्यही कोट्यवधी ताऱ्यांतला एक, तोही एका कडेला.

"मंग मधात कोन हाये?"

"मधे असं कोणीच नाही, मिस्तरी."

बाबांनी एक दांडा तुंब्यावर फिरवून पाहिला. "चाकावर चाक बसोनाराही कारागीरच होता म्हना. डोयानं दिसलं तसं बांधलं त्यानं."

संध्याकाळच्या आत सगळं सुटलं आणि नव्यानं बसलं. चंद्र पृथ्वीच्या दांड्याला आला. राहू-केतूवर नवा रंग चढला, ते हर्षल आणि नेपच्यून झाले. "दोघायले सरकारी नोकरी लागली," बाबा म्हणाले. पृथ्वी निळी केली आणि सगळ्यांत टोकाला बोराएवढा प्लूटो. मी सरसाचा डबा पुढे केला. त्यांनी तो माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवला.

"आता शेवट आला ना बाबा?"

"कुठं आला? मास्तरनं आत्ताच सांगतलं ना, सारं बदलत आलं."

सकाळी बुलढाण्याच्या एस.टी.त मला आणि ह्यांना सोबत घेतलं. सूर्य बाबांनी आपल्या मांडीवर घेतला आणि बाकीचे दहा गोळे माझ्या ओटीत घातले. वाटभर मी लुगड्यावरून चाचपून मोजत होते, नऊ आणि चंद्र, नऊ आणि चंद्र. एखादा हरवला तर?

प्रदर्शनात मोठ्या साहेबांनी गुरूला हात लावला, तो हातातच आला. "हे चिकटवलेलं नाही?"

"नाई साहेब. उद्या शोध लागला त दांडा मोडा लागू नोये." मग ते मागे वळले. मी खांबाआड होते. "अन् पृथ्वी इसरलो होतो म्या. या पोरीनं धरून देल्ली. चौथी शिकेल हाये. तिलेच इचारा."

मी खांबाआडून पुढे आले. आणि ग्रहांची नावं सांगितली. बुधापासून प्लूटोपर्यंत, एकही न चुकता. बाबा मान उंच करून असे उभे होते, जसं काही मलाही त्यांनीच खरादेवर घडवलं होतं. तेव्हापासून मी तोंड उघडायला घाबरले नाही. त्यांचं हे देणं कधी बोलून दाखवता आलं नाही.

पुढे बदल्या होत गेल्या. कधीतरी मास्तरांचं पत्र आलं, मिस्तरी गेले. शाळेच्या कपाटावर सूर्यमाला अजून आहे, असंही त्यात होतं.

पुष्कळ वर्षांनी नातू पेपर वाचता वाचता म्हणाला, "आजी, प्लूटोला ग्रहांतून काढलं."

माझा हात आपसूक ओटीकडे गेला. बोटांनी मोजलं, आठ आणि चंद्र. मग शाळेच्या कपाटावरची ती खुंटी डोळ्यांपुढे आली. कोणीतरी बोराएवढा गोळा चिमटीत धरून जरासा पिळून काढायचा, बस. दांड्याला ओरखडासुद्धा पडणार नाही.