मिशी, मास्क आणि नळाची फुसफुस

“गल्लीतील समस्त लहानथोर मंडळींना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आज रात्रीपासून या घराचे कर्ते पुरुष यंत्र लावून झोपणार आहेत. घोरण्याचा आवाज आला नाही तरी कोणी घाबरू नये, दार वाजवू नये, आणि आमच्या सासुरवाडीला तर मुळीच फोन करू नये!”

ही घोषणा मी ओट्यावर उभं राहून, हात उंचावून केली. समोर प्रेक्षक तयारच होते. टँकरची वाट बघत अख्खी गल्ली आपापल्या ड्रमाशेजारी उभी होती. दुष्काळानं आम्हाला दिलेली ही एकच चांगली गोष्ट, बोलणाऱ्याला श्रोते कमी पडत नसत.

शेजारच्या मावशी पालथ्या बादलीवर बसल्या होत्या. मूळच्या सिल्लोडकडच्या, तोंडानं फटकळ. त्या म्हणाल्या, “भाऊ, तुमचं घोरणं बंद झालं तर चोर शिरतेल की वो गल्लीत!”

गल्ली हसली. मीही हसलो. फक्त बायको हसली नाही. ती ड्रमाला टेकून उभ्या उभ्या पेंगत होती.

खरी गोष्ट तिचीच आहे. मला स्लीप ॲप्निया आहे. म्हणजे झोपेत माझा श्वास मध्येच थांबतो, मग हिसका बसतो आणि गाडी पुन्हा सुरू होते. मला त्याचा पत्ताही नसायचा. पत्ता असायचा तो तिला. माझं घोरणं थांबलं की ती उठून बसायची, कान लावायची, खांदा हलवायची. घोरणं सुरू झालं की आडवी व्हायची, पण त्या आवाजात झोपणार कशी? अशी कित्येक वर्षं गेली. ती शाळेत शिकवायची. एकदा परीक्षेच्या वेळी वर्गातल्या खुर्चीतच तिचा डोळा लागला. वर्गानं इतकी शांतता पाळली, इतकी पाळली, की त्या शांततेनंच मुख्याध्यापिकाबाई चौकशीला आल्या. “पुन्हा असं झालं तर मला वर कळवावं लागेल,” असं त्या म्हणाल्या. घरी येऊन बायकोनं मला एवढंच सांगितलं, “अहो, मला एक रात्र झोपू द्या. बाकी काही नको.”

तिच्या जागरणाचा फायदा मात्र गल्लीला होता. त्या वर्षांत गारखेड्याच्या बाजूला शहर असं फुगलं, की कालपर्यंत ज्वारी उभी होती तिथं आज पार्किंगसकट इमारत. बोअर आटले आणि नळाला पाणी कधी चौथ्या दिवशी, कधी आठवड्यानं, तेही उजाडायच्या आधी. पाणी येण्यापूर्वी नळातून हवा सुटायची, फुस्स, फुस्स. ती फुसफुस सगळ्यात आधी ऐकायची माझी बायको, कारण ती जागीच असायची. मग ती फाटकाची कडी वाजवायची, “पाणी आलं!” की गल्लीतल्या पाणी खेचायच्या मोटारी घरघरायला लागायच्या.

तर, यंत्र. डॉक्टरांनी माझ्या डोक्याला, छातीला, बोटाला वायरी लावून एक रात्र तपासणी केली आणि चिठ्ठी दिली, झोपेत मास्कमधून हवा फुंकून श्वास चालू ठेवणाऱ्या यंत्राची. चिठ्ठी घेऊन आम्ही जालना रोडवरच्या दुकानात गेलो. व्हीलचेअर, वॉकर, कमरेचे पट्टे आणि काचेजवळ ऐटीत मांडलेला दवाखान्यातला पलंग. मी साडीच्या दुकानात बसतो तसा बसलो आणि म्हणालो, “दाखवा!”

दाखवणारी मुलगी हसरी होती. तिनं तीन यंत्रं मांडली. मला चकचकीत पडद्याचं एक लगेच आवडलं. बायकोनं पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं डोळे मिटले आणि एकेका यंत्राला कान लावला, कलिंगड ठोकून घेतात तसा. तिसऱ्यापाशी थांबली. “हे. हे नुसतं श्वास घेतं. ती दोघं कण्हतात.”

ते दिसायला डब्यासारखं होतं. पण हवेचा दाब गरजेप्रमाणे आपोआप कमी-जास्त करणारं होतं, आणि त्याला पाण्याची एक छोटी टाकीही होती. आमच्या कोरड्या हवेत नाक सुकू नये म्हणून तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालायचं. मला केवढा आनंद झाला! कूलर कोरडा पडला होता, अंगणातली जास्वंद वाळली होती, पण माझ्या नाकासाठी स्वतंत्र पाणीपुरवठा योजना मंजूर झाली होती.

“काका, आता मास्क. पण उभ्यानं नाही निवडायचा. इथं झोपा,” मुलगी म्हणाली.

मी काचेजवळच्या पलंगावर पसरलो. बाहेर चहाच्या गाड्यावरची माणसं कप घेऊन काचेशी आली. रसिक शहर आहे आमचं! पहिला मास्क नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा. आरशात पाहिलं तर काय, लढाऊ विमानाचा वैमानिक! मी काचेकडे बघून सलाम ठोकला. बाहेरून टाळी आली.

मुलगी म्हणाली, “काका, मिशीच्या बाजूनं हवा सुटतेय. मिशी बारीक केली तर बसेल. नाहीतर दुसरा बघू.”

माझी मिशी! खुलताबादच्या उरुसात लोक वळून बघतात ती!

“मिशी राहील आणि हाच राहील,” मी जाहीर केलं. बायकोनं कपाळाला हात लावला. मुलगी समजूतदार होती. “आठ दिवस वापरून बघा. मास्क बदलून देऊ,” ती म्हणाली.

म्हणून तर ती ओट्यावरची घोषणा.

त्या रात्री मी वैमानिक होऊन झोपलो. पहाटे फुस्स, फुस्स. बायको ताडकन उठली, बादली घेऊन धावली, फाटकाची कडी खणखण वाजवली, “पाणी आलं!” अख्खी गल्ली उठली. पाइप जोडले, मोटारी लावल्या. नळ कोरडे ठणठणीत. मोटारी नुसत्या किंचाळत होत्या. शेवटी बायको आत आली, दिवा लावला आणि माझ्या मिशीपाशी कान नेला. फुस्स.

सकाळी मावशींनी कुंपणावरून मला गाठलं. “भाऊ, तुमच्या नाकाचं पाणी आम्ही भरावं व्हय? माझ्या मोटारीचं काय झालं असतं म्हंजे?”

“मावशी, प्रेशर चांगलं होतं पण,” मी म्हणालो.

“मग नळाला लावा ते मशीन!”

मी मुकाट पुन्हा जालना रोडला गेलो. या वेळी बायकोनं मला आरशाकडे पाठ करून झोपवलं. दुसरा मास्क फक्त नाकावर बसणारा, पण तोही मिशीवरच टेकत होता. तिसरा अगदी इवलासा. नाकपुड्यांत अलगद बसणाऱ्या दोन मऊ गाद्या आणि डोक्यामागून पट्टा. मिशी मोकळी! तोंड उघडू नये म्हणून हनुवटीखालून आणखी एक पट्टा. मुलीनं कुशीवर वळायला सांगितलं. वळलो. उताणा झालो. पुन्हा वळलो. हवा कुठूनच सुटेना. मी तो घातल्याचं विसरून तिला चहाचं विचारायला गेलो आणि तोंडातून वारा सुटला, तेव्हा आठवलं.

“दिसतोय कसा मी?” मी नंतर विचारलं.

“नथ घातल्यासारखे,” बायको म्हणाली. “पण आवाज नाही. हाच.”

बाहेरच्या चहावाल्यांनी या वेळी टाळ्या वाजवल्या नाहीत. वैमानिकाची नथवाली झाल्याचं दुःख मी एका भज्यांच्या पुड्यात बुडवलं.

दोनतीन रात्री बायको सवयीनं जागीच राहिली. घोरणं नाही म्हणून उठायची, कान लावायची, श्वास चालू आहे हे बघून चक्रावायची. आणि मग एका सकाळी मी जागा झालो तो खिडकीत लख्ख ऊन. डोकं इतकं हलकं की मला वाटलं पट्ट्यासोबत तेही निघालं. शेजारी बायको. गाढ. तोंड किंचित उघडं, हात उशीखाली. लग्नानंतर तिला अशी झोपलेली मी पाहिलीच नव्हती. मी उठायचं धाडस केलं नाही.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. पाणी येऊन गेलं होतं! पलीकडच्या गल्लीनं पाणी भरलं, अंगणं धुतली, आणि आमची गल्ली ठार झोपलेली. कडी वाजलीच नव्हती. सगळे आमच्या फाटकाशी जमले. मी पट्टे गळ्यात लोंबत असतानाच बाहेर गेलो. मावशी सगळ्यांत पुढे, हातात रिकामी बादली. “कुठाय ती? आमचं पाणी गेलं! बोलवा तिला!”

मागून बायको आली. केस मोकळे, गालावर उशीची घडी उमटलेली. गोंधळून म्हणाली, “मावशी, फुस्स ऐकलं होतं हो मी. मला वाटलं यांचा मास्क सरकला. कूस बदलली आणि...”

मावशींनी भांडायला बादली उचललीच होती. पण ती तशीच हवेत राहिली. त्या बायकोच्या तोंडाकडे नुसत्या बघत होत्या. आणि मग सगळ्या गल्लीसमोर त्यांच्या तोंडून निघून गेलं,

“अगं बाई! लई तरणी दिसायलीस की गं!”