माकूच्या मनगटावरचे मणी

माकूला राग फार. मी तिला तिसरीत शिकवायचे, तेव्हा कुणी तिचं चित्र पुसलं तर ती त्याची पाटीच फोडायची. पुढे ती मणी करायला लागली. फुटक्या बाटल्यांची काच कांडायची, मातीच्या साच्यात भरायची, भट्टीत भाजायची. आमच्या ओडुमासे गावात मणी करणारे घरोघर आहेत. पण निळ्या मण्यावर तीळभर पांढरा डोळा आणि त्यात पिवळी बाहुली, हे काम एकट्या माकूचं. त्याच कामात तिच्या डाव्या मनगटाला तापलेली सळई लागली. विळ्यासारखा वाकडा डाग अजून आहे.

गेल्या वर्षी राजधानी अक्रातल्या प्रदर्शनासाठी फोटो मागवले होते. निवड फोटोवरूनच. आमच्या मणी संघाचा अध्यक्ष आंगमोर, तोही माझाच विद्यार्थी. त्याने सगळ्यांचे मणी एका टोपलीत ओतले, फोनवर एक फोटो काढला आणि धाडून दिला. कुणाचीच निवड झाली नाही.

या वर्षी पुन्हा बोलावणं आलं, तेव्हा माकू त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मणी होते की भिजवलेले वाटाणे रे? या वेळी माझा फोटो मी काढणार. माझ्या नावानं जाणार."

"काढ की, अक्का," आंगमोर हसत म्हणाला. "पाठवायचा मात्र संघातूनच. नियम आहे."

गुरुवारी ती कोफोरिदुआच्या बाजारात कॅमेरा घ्यायला निघाली. मीही गेले. दुकानदाराच्या बाजूनं कुणीतरी हवं होतं.

दुकानातल्या तरुण पोरानं लांबलचक भिंगाचा कॅमेरा काढला. "हा घ्या आई. चंद्रावरचे डागसुद्धा दिसतात."

"चंद्र काय विकायला बसलाय का?" माकूनं कमरेच्या गाठीतून एक मणी सोडून टेबलावर ठेवला. "याचा डोळा दाखव."

पोरगा वाकला. चित्र धूसर. एक पाऊल मागं सरला, मग आणखी एक. शेवटी तो दुकानाच्या पायरीवर उभा होता.

"रस्त्यापलीकडून काढतोस का आता? जा, तुझ्या चंद्राला घरी सोडून ये!"

"अहो आई, ओरडू नका, गिऱ्हाईक पळतंय." त्यानं कपाटातून एक जुना, साबणाच्या वडीएवढा कॅमेरा शोधला. त्यावर फुलाचं चित्र असलेलं बटण होतं. ते दाबून त्यानं भिंग मण्याला जवळजवळ टेकवलं. पडद्यावर पिवळी बाहुली पेरूएवढी दिसली. माकू काही बोलली नाही. म्हणजे पसंत.

घरी मात्र प्रत्येक फोटोत मण्यांवर पांढरे झगझगीत ठिपके. डोळा कुठला आणि झगमगाट कुठला, कळेना. तिनं दुकानदाराला शिव्या दिल्या, उन्हाला दिल्या, मलाही दोन दिल्या. मला कारण दिसत होतं. मणी तेलानं निथळत होते.

"पुसून काढ ना," मी म्हणाले.

"बाई, तुम्ही सांगता हे? कोरडे मणी लोकांपुढं ठेवू? माझ्यामागं कुणी नाही असं वाटायला?"

ती खरंच दुखावली होती. आमच्यात तेल न लावता मणी चारचौघांत आणत नाहीत. तिनं रागारागानं ती माळ डाव्या मनगटावर गुंडाळली आणि मुसळ उचललं. दिवसभर काच कांडत राहिली. मधे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचं केंके आणि मासे खाल्ले, तेही रागातच.

उन्हं उतरली तेव्हा मी तिच्या हाताकडे पाहिलं. तेल कातडीत मुरलं होतं. मणी कोरडे नव्हते, निथळतही नव्हते.

"माकू, आता काढ. आहे तस्सा."

तिनं सावलीत बसून, हात गुडघ्यावर टेकवून फोटो काढला. प्रत्येक डोळा उघडा. शेजारी तो वाकडा डाग. "हा डाग नको," ती पुटपुटली, पण सावली सरकली होती. तोच फोटो संघातून गेला.

निवड झाली. आम्ही अक्राला गेलो. भिंतीवर दाराएवढं मोठं करून लावलेलं माकूचं मनगट आणि खाली पाटी: ओडुमासे मणी संघ, कारागीर आंगमोर. आंगमोर नव्या कपड्यांत, हातात थंड पेय घेऊन तिथंच उभा.

"अक्का, संघाचं नाव झालं की! तुझं-माझं काय त्यात?"

माकू ओरडली नाही. मला तेव्हाच भीती वाटली. तिनं बाही कोपरापर्यंत सारली आणि हात भिंतीला लावला. वर हातभर लांबीचा विळा, खाली बोटभर.

"आंगमोर, आता तुझी बाही वर कर."

आजूबाजूचे लोक वळून पाहू लागले. त्यानं माझ्याकडे पाहिलं, गृहपाठ नसला की पाहायचा तसं.

"कर बाळा," मी म्हणाले. "सगळे थांबलेत."

त्यानं पेला खाली ठेवला आणि तो बाहेर निघून गेला. प्रदर्शन भरवणाऱ्या बाईंनी स्वतः पाटी उतरवली. "आपलं नाव?"

"माकू पाडी. मोठं लिहा."

नवी पाटी लागली तेव्हा माकूनं पिशवीतून कॅमेरा काढला, फुलाचं बटण दाबलं आणि पाटीला नाक लागेल इतकी जवळ गेली.

"आता तरी हसा, मावशी," कुणीतरी म्हणालं.

"का हसू?" ती मान न वळवता म्हणाली. "माझंच नाव आहे ते. पहिल्यापासून असायला हवं होतं."