यादीत नाव हाय का?

रंजनाताईंच्या पिशवीत मतदार नोंदणीचे जेवढे अर्ज असतात, त्याहून जास्त किस्से असतात. अर्ज म्हसळ्याला तहसील कार्यालयात जमा होतात. किस्से मात्र आमच्या गावातच राहतात आणि सांगणाऱ्यागणिक वाढतात. ताई आमच्या अंगणवाडीच्या सेविका, शिवाय बीएलओ, म्हणजे गावाची मतदार यादी सांभाळणाऱ्या. मी दिल्लीत सहा वर्षं शिकून परत आले आणि त्यांची पिशवी धरून घरोघर फिरू लागले. तेव्हा जे पाहिलं-ऐकलं त्यातलं थोडं सांगते.

* * *

पहिला किस्सा माझ्यावरचाच. आल्या आल्या मी गावातली अठरा-वीस वर्षांची मुलं समाजमंदिरात जमवली आणि मताधिकारावर पाऊण तास बोलले. मत मिळावं म्हणून जगात लोक तुरुंगात गेले, आपल्याला मात्र ते अठराव्या वर्षी आयतं मिळतं, आणि आपण ते घ्यायला सुद्धा जात नाही, वगैरे. शेवटी विचारलं, "काही प्रश्न?"

मागच्या रांगेतून रंजनाताईंनी हात वर केला. "चांगलं बोललीस. तुझं नाव कुठल्या यादीत हाय?"

दिल्लीत हॉस्टेल, गावात सुट्टीपुरती. नाव कुठेच नव्हतं. वय चोवीस.

त्या दिवशी ताईंनी भरलेला पहिला अर्ज माझा.

* * *

आता अक्षताचं. ही सखारामभाऊंची थोरली, म्हसळ्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला. संध्याकाळची एसटी तिला फाट्यावर सोडते. तिथून गाव तीन किलोमीटर, सगळं रान. हिवाळ्यात अर्ध्या वाटेतच काळोख पडतो. सखारामभाऊंनी तिला सांगून टाकलं होतं, "बस गावात आली तर शीक. न्हायतर बस झालं."

म्हणून सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ती उठली. एसटी गावापर्यंत आणावी असा ठराव डेपोला पाठवा, एवढंच तिला म्हणायचं होतं. ग्रामसेवकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"यादीत नाव आहे का तुझं?"

"नाही."

"मग ग्रामसभेत बोलता येत नाही, बाळा. बस खाली."

मी तावातावाने उठले, निदान माझं नाव तरी तोवर यादीत आलं होतं. ताईंनी पदर सावरता सावरता मला हाताला धरून खाली बसवलं. "तो नियमानं बोललाय. आपण पण नियमानं येऊ."

"पण ताई, तिच्या वतीने मी मांडते ना."

"बस तिची हाय. बोलणार पण तीच."

* * *

दुसऱ्याच दिवशी आम्ही सखारामभाऊंच्या पडवीत. अक्षताला अठरा पूर्ण होऊन तीन महिने झाले होते. अर्ज तयार होता, पण जन्माचा दाखला आणि आधार कार्ड भाऊंच्या ट्रंकेत, आणि भाऊ ट्रंक उघडायला तयार नाहीत.

"ताई, उद्या हिचं लगीन झालं की नाव सासरी जाणारच. दोन-दोनदा कागद कशाला?"

हे उत्तर आमच्या गावात प्रत्येक मुलीच्या घरी मिळतं. मुलगा अठराचा झाला की अर्ज, मुलगी अठराची झाली की स्थळं. त्यामुळे मुलीचं नाव पहिल्यांदा यादीत येतं ते नवऱ्याच्या गावात, नवऱ्याच्या नावासकट. मी भाऊंना संविधान समजावून सांगायला तोंड उघडलं होतं, पण ताईंनी चहाची बशी खाली ठेवली.

"मग भाऊ, हिला जेवायला पण सासरीच घाला. इथं रोज ताट कशाला मांडता?"

आधी आत चुलीपाशी वहिनी हसल्या. मग भाऊ उठले आणि खुंटीवरची चावी काढली.

* * *

सगळेच अर्ज असे तापलेले नसतात. गणेश आमच्याकडे टमटम चालवतो. त्याने अर्जाला लावायला फोटो दिला तो मोबाईलवर घासूनपुसून गुळगुळीत केलेला. ताईंनी फोटो पाहिला, गणेशला पाहिलं, परत फोटो पाहिला.

"गण्या, मतदानाला केंद्रावर मीच बसणार. हा पोरगा आला तर त्याला आत सोडीन. तू आलास तर परत पाठवीन."

* * *

मोहल्ल्यातला जावेद एकोणीस वर्षांचा. दुबईचा व्हिसा हातात, महिन्याभरात विमान. तो स्वतःहून अर्ज मागायला आला तेव्हा ताईसुद्धा चकित झाल्या.

"अरे, तू तर चाललास."

"चाललो म्हणूनच, ताई. तिकडे वीस वर्षं राहिलो तरी माझं मत कुणी विचारणार नाही. इथे तरी विचारणारं कुणी असू दे."

त्याची अम्मी, खतिजाचाची, दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "घरात आजवर याचं मत कुणी विचारलं नाही. आता सरकार विचारणार, मग आम्हालाही विचारावं लागेल."

पाऊण तासाच्या भाषणात मला जे सांगता आलं नव्हतं, ते या मायलेकांनी उंबऱ्यात उभ्या उभ्या सांगितलं. त्या दिवसापासून मी भाषण बंद केलं आणि अर्ज नीट भरायला शिकले.

* * *

मग पंधरा ऑगस्ट. झेंडावंदन झालं, जिलेबी वाटून झाली, ग्रामसभा बसली. नवी यादी ग्रामसेवकांच्या टेबलावर. सखारामभाऊ दाराशी खांबाला टेकून उभे. कॉलेजचं दुसरं वर्ष सुरू झालं होतं, पण फी भरताना भाऊंनी लेकीला बजावलं होतं, "दिवाळीपर्यंत बघीन."

विषय संपत आले तशी अक्षता उठली.

"एसटी गावापर्यंत यावी, असा ठराव मांडायचा आहे."

पुढच्या खुर्चीत गावकीचे, म्हणजे गावच्या पंचमंडळींचे, अध्यक्ष धोंडूतात्या. त्यांचं घर अक्षताच्या घरापासून चार घरं सोडून. तिच्या बारशाला जेवून गेलेले. तरी त्यांनी मान मागे वळवली, तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि सगळ्या सभेला ऐकू जाईल असं विचारलं, "कोणाची गो तू?"

दोन-चार जणांनी दाराकडे, भाऊंकडे पाहिलं. आता बापाचं नाव येणार, मग तात्या बापाशी बोलणार, आणि पोरगी खाली बसणार.

अक्षताने मात्र दाराकडे पाहिलं नाही.

"भाग क्रमांक एकशे चार," ती म्हणाली, "अनुक्रमांक सहाशे बारा."

ग्रामसेवकांनी यादी ओढली. पानं उलटली. एका ओळीवर बोट ठेवलं, आणि ते तसंच ठेवून मान वर केली.

"आहे. बोला."