कुणाला काय दिसावं

भवानी पेठेतली कौसर नव्या पेठेत, एका कापड दुकानाच्या माडीवर, प्रोग्रामिंगचं काम करायची. तिथल्या तिच्या साहेबांनी, मुकुंदसरांनी, एका रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबला वेब प्रोग्राम करून दिला होता. तो हळू चालतो अशी तक्रार आली, म्हणून कौसर तिथं गेली.

काउंटरवर चन्नवीर होता. नंबर लावायचे, पावत्या द्यायच्या, एवढंच त्याचं काम. पण त्यानं स्क्रीन मित्राकडं वळवली होती आणि दोघं खिदळत होते.

"ही बघ की. लगीन न्हाय अजून, आन् टेस्ट कसली केलीय!"

स्क्रीनवर मुलीचं नाव, पत्ता, मोबाइल, निकाल, सगळं उघडं. मित्र नंबर उतरवून घेत होता. ती मुलगी समोरच्याच बाकावर आईशेजारी ओढणीचं टोक पिळत बसलेली. कौसर काउंटरशी गेली.

"बंद करा ते."

"म्याडम, तुमचाच प्रोग्राम हाय की," चन्नवीर हसला.

खरंच होतं, आणि त्याचीच तिला जास्त शिसारी आली. झाडूवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे एकाच पासवर्डनं आत शिरत होते.

"काउंटरच्या कॉम्प्युटरवर रिपोर्टचं बटण लपव," मुकुंदसर म्हणाले.

कौसरनं लपवलं, मग त्याच कॉम्प्युटरवर रिपोर्टचा वेब-पत्ता ब्राउझरमध्ये हातानं टाइप केला. रिपोर्ट उघडला.

"बटण गेलं, दार उघडंच आहे, सर."

मग तिनं नीट बसून केलं. प्रत्येकाला वेगळं लॉगिन, प्रत्येक लॉगिनला एक रोल, म्हणजे त्याला काय दिसावं ते ठरवणारी भूमिका. काउंटरला नाव, वेळ आणि पावती. टेक्निशियननं निकाल भरायचा, डॉक्टरांनी तपासून सही करायची. येणारी प्रत्येक मागणी सर्व्हर आधी रोलवर पारखणार. शिवाय डेटाबेसमध्येच काउंटरला निकालांचा तक्ता बंद.

पुढच्या आठवड्यात बघते तर चन्नवीरचा रोल 'डॉक्टर'.

"लॅबच्या मालकांचा भाचा आहे तो," मुकुंदसर चहा ढवळत म्हणाले. "त्यांचा फोन आला, रोल दिला मी."

"त्या पोरीचा नंबर त्याच्या मित्राकडं गेलाय, सर."

"आपण कुठं दिला?"

ती तडक लॅबमध्ये डॉक्टर पद्मजांकडं गेली. प्रत्येक रिपोर्टखाली सही त्यांची असे.

"बाई, तुमच्या काउंटरवर आणखी एक डॉक्टर बसतो."

पद्मजा उठून बाहेर आल्या. चन्नवीरच्या स्क्रीनवर कुणा बाईचा रिपोर्ट होताच. त्यांनी तिथूनच मालकांना फोन लावला. "हे बंद होईपर्यंत मी एकाही कागदावर सही करणार नाही."

संध्याकाळच्या आत रोल बदलला. चन्नवीरला मात्र कुणी काढलं नाही; मालकांनी त्याला दुसऱ्या शाखेच्या काउंटरवर बसवलं, आणि तिथं दुसऱ्याच कुणाचा प्रोग्राम होता, सगळ्यांना एकच पासवर्ड असलेला.

हे ऐकल्यावर कौसरनं नोकरी सोडली.

"तुला लई लवकर किळस येते बघ," मुकुंदसर म्हणाले.

"उशिराच आली, सर," ती म्हणाली आणि जिना उतरली.