बांबूपलीकडचे मामाजी

पिपा मामाजींना आपल्या माणसांत बसून मॅच बघताच येत नसे. महाल वस्तीतल्या आमच्या फुटबॉल संघाचे ते कट्टर पाठीराखे, पण बसायचे नेमके विरुद्ध संघाच्या गर्दीत, मांडीवर तेलाचा रिकामा पिपा घेऊन. मी आमचा गोलकीपर. आम्ही गोल केला की शत्रूच्या गोटातून पिपा कडाडायचा आणि मला हसू आवरत नसे.

"आपल्याच लोकाईत बसून बोंबलाले काय हिंमत लागते गा?" ते म्हणत. शिव्या खायचे, त्याहून सवाई द्यायचे आणि मध्यंतरात त्याच लोकांच्या पुडीतले फुटाणे खायचे.

एका सेमीफायनलला पंचाचा निकाल पटला नाही म्हणून आमच्या बाजूने दगड सुटले. लाइनमनचं डोकं फुटलं. मामाजी पलीकडून धावत आले आणि त्यांनी दगड मारणाऱ्या आपल्या सख्ख्या भाच्याला कॉलर धरून फौजदारासमोर उभं केलं. बहिणीने अबोला धरला. "धरू दे," एवढंच म्हणाले.

पण फायनलसाठी फौजदारांनी बांबू ठोकून दोन्हीकडचे प्रेक्षक वेगळे केले, पिप्यावरही बंदी घातली, तेव्हा हाच माणूस पेटला. "दगड मारला त्याले मी धरून देल्लं. बाकीच्याईले काहून कोंडता?" त्यांचं बरोबर होतं. त्यावरून मी आजही कोणाशीही भांडायला तयार आहे.

फायनलला मामाजी पिपा घेऊन पलीकडेच बसले. हवालदाराने पिपा हिसकावला. फौजदार म्हणाले, "काकाजी, तुमच्या बाजूला चला. इथं मार खाल."

"कोन मारते, पाहू द्या ना साहेब!"

दोन शिपायांनी त्यांना दंडाला धरून उचललं. तोच त्या बाजूचा म्होरक्या, मटणाच्या दुकानाचा धिप्पाड मालक, आडवा आला. "साहेब, आमच्यात बसून आमालेच शिव्या देनारा हा एकच मानूस हाये. याले नेता तर आमाले बी न्या." मागची अख्खी गर्दी उभी राहिली. पोलिसांच्या गाडीत तेवढी जागा नव्हती. मामाजी पुन्हा खाली बसले आणि टाळ्या पिटू लागले. आम्ही हरलो, पण मान खाली घालून मैदानाबाहेर आलो नाही.

पुढे एका पावसाळ्यात कावीळ होऊन मामाजी गेले. फार लागलं मनाला. तोवर माझे गुडघे गेले होते, मी खेळ सोडून आमच्या बाजूच्या प्रेक्षकांत बसू लागलो होतो. मोसमातल्या पहिल्याच मॅचला तो मटणवाला आता कायमच्या झालेल्या बांबूपाशी येऊन आमच्याकडे ओरडला, "मामाजी तं गेले. आता तुमच्यातला कोन येऊन राह्यला इकडे?"

कोणी हललं नाही. मी वाकून बांबूखालून पलीकडे गेलो. हवालदार शिट्टी फुंकत राहिला.